गोळा आला की काम थांबवा
शेतकाम करताना येणारे पेटके कसे टाळावेत



पनवेल, उरण, पेण किंवा कर्जत, कुठल्याही तालुक्यात लावणीच्या दिवसांत शेतावर जा. दुपार कलली की कोणी ना कोणी बांधावर बसून पोटरी चोळताना दिसतेच. "काय झालं रे?" असे विचारले तर उत्तर ठरलेले. "काही नाही, गोळा आला." दोन मिनिटे चोळायचे, पाय झटकायचा आणि पुन्हा चिखलात उतरायचे. पेटका म्हणा, गोळा म्हणा की वांब म्हणा, आपण त्याला आजारात धरतच नाही.

बहुतेक वेळा तो साधाच असतो, हे खरे. पण तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. एक तर स्नायू थकला आहे, नाहीतर अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले आहे. बैल अडून बसला तर आपण आधी त्याचा खूर पाहतो, जू पाहतो. मग स्वतःच्या पायाने अडवले तर तेवढी विचारपूस का करू नये? या पत्रकात आपण पेटका का येतो, तो कसा टाळावा, आल्यावर काय करावे आणि कोणत्या वेळी दवाखाना गाठावा, हे पाहू.

पेटका म्हणजे काय?

आपण पाऊल उचलतो तेव्हा पोटरीचा स्नायू आखडतो. पाऊल टेकले की सैल पडतो. आखड आणि सैल पड, हे हुकूम मज्जातंतूंमार्फत येतात. पेटका येतो तेव्हा आखडण्याचा हुकूम चालूच राहतो आणि सैल पडण्याचा हुकूम दुबळा होतो. स्नायू दगडासारखा घट्ट होतो, हाताला गाठ लागते, कळ डोक्यात जाते. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत हे चालते. पोटरी, तळपाय, मांडीची मागची बाजू, हाताचा पंजा आणि कधी कधी पोटाचे स्नायू, या जागा नेहमीच्या.

पहिले कारण : स्नायूचा थकवा

सवय नसलेले काम, एकाच अवस्थेत तासन् तास केलेले काम आणि विसावा न घेता केलेले काम, या तिन्हीमुळे स्नायू थकतो. थकलेला स्नायू आखडलेल्या अवस्थेतच पुन्हा पुन्हा वापरला, की गोळा येतो.

लावणीत नेमके हेच घडते. चिखलात रुतलेला पाय बाहेर काढताना आपण चवडा खाली ताणून टाच वर घेतो. त्या वेळी पोटरी पूर्ण आखडलेली असते. असे एका दिवसात किती वेळा होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, पण पोटरी ठेवते! कापणीला उकिडवे बसून पुढे सरकताना मांडीचा मागचा भाग असाच दुमडलेला राहतो. विळ्याला धार नसली तर मूठ जास्त जोराने आवळावी लागते आणि संध्याकाळी बोटे आपोआप वळतात.

नवी मुंबईच्या कडेच्या गावांत आणखी एक गोष्ट झाली आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेण्यात आल्या. ज्यांची थोडीफार शेती राहिली, त्यांच्या घरातली तरुण मुले कंपनीत, गोदामात, बंदरात किंवा रिक्षावर असतात. आठवडाभर खुर्चीवर किंवा गाडीवर बसायचे आणि रविवारी एकदम लावणीला उतरायचे, असा प्रकार आहे. अंग तरुण असले तरी पोटरीला सवय नसते. म्हणून घरच्या साठीच्या आजीला गोळा येत नाही आणि पंचविशीच्या नातवाला येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. सवय ही वयावर नाही, वापरावर असते.

दुसरे कारण : घामातून गेलेले पाणी आणि मीठ

मिठागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. खाडीचे पाणी उन्हाने आटते आणि खाली मीठ उरते. घामाचेही तसेच. दुपारी सदरा वाळला की पाठीवर पांढरे पट्टे उमटतात. ते अंगातून गेलेले मीठ.

उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्तही जातो. एका लिटर घामात साधारण एक ते चार ग्रॅम मीठ असते. माणसामाणसात यात फरक असतो. ज्याच्या सदऱ्यावर पांढरे पट्टे ठळक दिसतात, त्याच्या घामात मीठ जास्त, आणि त्याने जास्त जपावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. घाम जातो म्हणून नुसते साधे पाणी तांब्यावर तांबे प्यायले, तर तहान भागते, पण मीठ भरून निघत नाही. उलट अंगात उरलेले मीठ आणखी पातळ होते. इंग्लंडमधल्या खोल कोळसा खाणीत मजूर उकाड्यात घामाघूम होऊन काम करीत आणि भरपूर पाणी पीत. तरी त्यांना पोटात आणि पायात जबर पेटके येत. १९२३ साली के. नेव्हिल मॉस या संशोधकाने याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर पेटके कमी झाले. आपल्या आजी-पणजीने असा अभ्यास केला नव्हता, पण शेतावर न्यायच्या पेजेत ती मीठ घालतच होती.

मात्र प्रत्येक गोळा मिठाच्या कमतरतेनेच येतो असे समजू नये. थंडीतल्या पहाटेही गोळा येतो, तिथे घामाचा प्रश्नच नसतो. ओळखण्याची सोपी खूण अशी : जो स्नायू राबतो आहे त्याच एका जागी गोळा आला, आणि ताणल्यावर सुटला, तर बहुधा तो थकव्याचा. भरपूर घाम गेल्यावर आज पोटरी, थोड्या वेळाने मांडी, मग हात, पोट, असे गोळे फिरू लागले, तर पाणी आणि मीठ कमी पडले असे धरावे. दोन्ही कारणे एकत्रही असतात.

पावसातही घाम येतो

"आम्ही तर पावसात भिजतोय, आम्हाला कसला उकाडा?" असे लावणीतली माणसे म्हणतात. इथेच फसगत होते. पूर्वी डोक्यावर इरले असे. ते खालून मोकळे असे, वारा खेळत असे. आता बहुतेक जण प्लॅस्टिकचा कागद किंवा रेनकोट अंगाला लपेटून वाकतात. आत घाम सुटतो, तो पावसात मिसळतो, दिसत नाही. पावसात तहानही लागत नाही. सकाळी चहावर निघालेला माणूस दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही आणि मग जेवायला बांधावर चढताना पाय अडकतो. म्हणून पावसाळ्यातही, तहान नसली तरी, ठरावीक वेळाने प्यावे.

आपली दमट हवा आणि खारघरची आठवण

विदर्भात पारा ४५ वर जातो, आपल्याकडे ३७-३८, म्हणून आपण निर्धास्त असतो. हा समज मोडायला हवा. घाम अंगावर वाळतो तेव्हाच अंग थंड होते. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, पण गारवा मिळत नाही. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशात उष्णतेची लाट ठरवताना किमान ४० अंशांची अट धरते, पण किनाऱ्यावर ३७ अंशांची. किनाऱ्यावर पारा ३७ च्या वर गेला आणि तो त्या दिवसांतल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक चढा असला, की लाट धरतात.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखो माणसे कित्येक तास उन्हात बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. त्या दिवशी उन्हाचा त्रास होऊन शेकडो लोकांवर उपचार करावे लागले आणि एकूण १४ जण दगावले. ही माणसे नांगर धरून उभी नव्हती, भारे वाहत नव्हती, ती बसलेली होती. कष्ट करणाऱ्याच्या अंगात तर स्नायूंचीच आणखी उष्णता तयार होत असते. तेव्हा एप्रिल-मे महिन्यात राब भाजणे, बांध घालणे, कलिंगड-भाजीची तोडणी, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात भातकापणी, ही कामे करताना आपण किती सावध राहायला हवे, याचा विचार करा.

उकाड्यात आलेला पेटका म्हणजे जिन्याची पहिली पायरी समजावी. दुसरी पायरी म्हणजे उष्म्याचा थकवा : डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, भरपूर घाम, हातपाय गळणे. तिसरी पायरी म्हणजे उष्माघात, आणि तिथे प्राणाशी गाठ असते. प्रत्येक जण पायरीपायरीनेच जातो असे नाही. पेटका न येताही उष्माघात होऊ शकतो. पण ज्याला पहिल्या पायरीवर थांबायची संधी मिळाली, त्याने ती घालवू नये.

हंगामाच्या आधी काय करावे

१. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज दहा मिनिटे पायांना सवय लावावी. जोत्याच्या पायरीवर चवडे टेकून उभे राहावे, आधाराला खांब धरावा. टाचा हळू वर घ्याव्यात, हळू खाली सोडाव्यात. असे दहा-पंधरा वेळा. नंतर उठाबशा, झेपतील तेवढ्या.

२. पोटरी ताणण्यासाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा. मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुकावे. पोटरीत ताण जाणवेल. तीस आकडे मोजावेत, मग पाय बदलावा. झोपण्यापूर्वी हे केल्याने कित्येकांना रात्रीच्या गोळ्यातही आराम पडतो.

३. उन्हाच्या कामाची सवय अंगाला एकदम होत नाही. साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत शरीर लवकर घाम सोडायला शिकते आणि घामातले मीठ वाचवायलाही शिकते. म्हणून उन्हाच्या कामावर आलेल्या अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढीच भर घालावी. जुना माणूस मोठ्या खंडानंतर परत आला असेल तर पहिल्या दिवशी निम्मे काम, चौथ्या दिवशी पूर्ण. गडी नवा असला की आपण त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेतो. ती रीत सोडून द्यावी.

काम करताना काय करावे

उन्हाळ्यात जड काम सकाळी ११ च्या आत आणि दुपारी ४ नंतर करावे. मधला वेळ सावलीचा, अवजारे नीट करण्याचा. विळ्याला धार लावावी, कुदळीचा दांडा घट्ट बसवावा. बोथट हत्याराने काम कमी होते आणि हात जास्त थकतो.

लावणीत दर वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ उभे राहावे. टाचा टेकवून पोटऱ्या ताणाव्यात, हात वर करून पाठ मोकळी करावी. याला एक मिनिट पुरते. तास-दीड तासाने कामाची पाळी बदलावी : लावणारा आवण काढायला जाईल, आवण काढणारा जुड्या वाहील, जुड्या वाहणारा लावायला उतरेल. तेच शेत, तेवढीच माणसे, पण एकच स्नायू दिवसभर रगडला जात नाही.

काय प्यावे, किती प्यावे

घरून निघतानाच एक-दोन भांडी पाणी पिऊन निघावे. उपाशीपोटी कामाला जाऊ नये. उकाड्यात कष्टाचे काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक भांडे, म्हणजे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर, घोटघोट प्यावे. एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नये. अति पाणीही बाधते.

एक-दोन तासांचे काम असेल आणि जेवण वेळेवर असेल, तर साधे पाणी पुरते. काम अर्धा दिवस चालणार असेल आणि घाम निथळत असेल, तर पाण्याच्या जोडीला मीठ असलेले काहीतरी हवे. त्यासाठी बाजारातल्या रंगीत बाटल्यांची गरज नाही. आपल्या घरात सगळे आहे :

तांदळाची पातळ पेज, मीठ घालून.
ताक, मीठ-जिरे घालून.
कोकमाचे किंवा कैरीचे पन्हे, चिमूटभर मीठ घालून.
लिंबूपाणी, मीठ-साखर घालून.

आपली माणसे पूर्वीपासून हेच पीत आली आहेत. पेजेत पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही असतात. साखर किंवा पिष्ट सोबत असले की आतड्यात मीठ आणि पाणी जास्त चांगले शोषले जाते. याच तत्त्वावर जलसंजीवनीची पुडी बनली आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने पाजून असंख्य रुग्ण वाचवले.

ही पुडी म्हणजेच ओआरएस. गावातल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घालावी. अर्धी पुडी पेल्यात घालू नये. केलेले पाणी २४ तासांत संपवावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नये. जास्त खारट पाण्याने उलटी होते आणि त्रास वाढतो. मिठाच्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नयेत.

ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मीठ-पाणी आणि ओआरएस किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेह्यांनी साखरेबाबत तसेच करावे. ताडी-दारूने लघवी जास्त होते आणि सावधपणाही जातो, म्हणून कामाच्या दिवसांत ती दूर ठेवावी.

आपण पुरेसे पितो की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

इथे एक गोष्ट घरच्या कारभाऱ्यांना मुद्दाम सांगायची आहे. आवण काढणे, लावणी, बेणणी ही कामे बहुतांशी बायामाणसे करतात. शेतावर आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्या सांगणार नाहीत, आपण समजून घ्यावे. चार बांबू आणि जुना कापडी पडदा लावून बांधाच्या कडेला आडोसा करून द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण घरच्या लक्ष्मीचे पेटकेच काय, मूत्रमार्गाचे दुखणेही त्याने टळेल.

गोळा आलाच, तर काय करावे

काम लगेच थांबवावे. विळा-कोयता खाली ठेवावा. खाडीत किंवा तळ्यात असाल तर घाबरून हातपाय मारू नका, उताणे होऊन तरंगा, हाक मारा. पाण्यातल्या कामाला एकट्याने कधीच उतरू नये.

पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून बसावे आणि चवडा दोन्ही हातांनी नडगीकडे ओढावा. हात पोचत नसेल तर टॉवेल किंवा उपरणे चवड्याला अडकवून ओढावे. मांडीच्या मागे असेल तर पाय गुडघ्यात सरळ करावा. मांडीच्या पुढे असेल तर गुडघा दुमडून टाच मागे घ्यावी. बोटे वळली असतील तर दुसऱ्या हाताने ती हळू मागे ताणावीत.

ताण हळूहळू द्यावा आणि वीस ते तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावा. हिसका देऊ नये, गोळ्यावर बुक्क्या मारू नयेत, कोणी पायावर उभे राहू नये. स्नायू सुटू लागला की हलक्या हाताने चोळावा. मग सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक घोटघोट प्यावे.

लोणच्याचा खार चाटला की गोळा सुटतो, असे काही जण सांगतात. यात थोडे तथ्य आहे. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोणच्याचे खारे-आंबट पाणी थोडेसे प्यायला दिल्यावर पेटका साध्या पाण्यापेक्षा लवकर, सरासरी दीड मिनिटाच्या आत, सुटला. एवढ्या वेळात मीठ रक्तात पोचत नाही. तेव्हा घशातल्या मज्जातंतूंना आंबट-खारट लागल्यामुळे स्नायूला सैल पडण्याचा इशारा मिळत असावा, असा अंदाज आहे. म्हणून मिठात मुरवलेल्या कैरीचे एक-दोन घोट पाणी घेतल्यास हरकत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावे. आणि मुख्य उपाय ताणणे आणि विसावा, हे विसरू नये.

उकाड्यात घाम गेल्यामुळे आलेला पेटका सुटला तरी पुढचे काही तास जड काम करू नये. इथेच आपण चुकतो. "एवढा वाफा तरी संपवतो," म्हणून माणूस पुन्हा उतरतो. वाफा उद्याही तिथेच असतो. तासाभरात पेटके थांबले नाहीत, किंवा माणूस हृदयविकाराचा असेल, तर दवाखान्यात न्यावे.

प्रत्येक पोटरीदुखी म्हणजे गोळा नव्हे

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नये.

ताप, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे आणि डोळे लाल : चिखलात काम केल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत असे झाले तर लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून हा रोग शिरतो. वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. डॉक्टरांना "मी भातशेतीत काम करतो" हे आवर्जून सांगावे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, शक्य तर गमबूट वापरावेत.

एकच पाय सुजणे, लाल आणि गरम होणे : शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नये, डॉक्टरांकडे जावे.

कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी होणे : स्नायूंना इजा झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काम नसताना वारंवार पेटके येणे : मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार किंवा चालू असलेले एखादे औषध याला कारण असू शकते. गरोदर बाईने तपासणीच्या वेळी हे सांगावे.

उष्माघात ओळखा

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटके आले किंवा तो बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही," असे समजू नये. कष्ट करणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो.

१०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत थांबून राहू नये. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे आणि पंख्याने, सुपाने, जे हाताशी असेल त्याने वारा घालावा. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मान, काख आणि जांघेत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, त्याला कुशीवर वळवावे. आधी अंग थंड करणे, मग हलवणे, हा क्रम ध्यानात ठेवावा. पहिली काही मिनिटेच मोलाची असतात आणि ती डॉक्टरांच्या नव्हे, बांधावरच्या सोबत्याच्या हातात असतात.

ध्यानात ठेवा

सवय आधी लावा, काम नंतर वाढवा.
दर वीस-पंचवीस मिनिटांनी सरळ व्हा, पोटऱ्या ताणा.
तहान लागायची वाट न पाहता प्या. लांबलेल्या कामात पेज, ताक, पन्हे सोबत ठेवा.
गोळा आला की थांबा, हळू ताणा, सावलीत बसा.
गोळे फिरू लागले, गरगरले किंवा मळमळले, तर त्या दिवशीचे काम संपले.
ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली, तर डॉक्टर.

बंधू-भगिनींनो, बी-बियाणे, खत, पाणी यांची जुळवाजुळव आपण महिनाभर आधी करतो. ज्या दोन पायांवर हे सगळे चालते, त्यांचीही तयारी यंदा हंगामाआधी करा. हे पत्रक घरात सगळ्यांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा आणि लावणीला येणाऱ्या गड्यांच्या आणि बायांच्या नजरेस पडेल असे ओटीवर चिकटवून ठेवा.